शहराबाहेर म्हणजे कुणाच्या दारात?

"आमचा मुक्या प्राण्यांना विरोध नाही, विरोध जागेला आहे." महापालिकेने कुत्र्यांसाठी निवारा केंद्र काढायचं नुसतं म्हटलं, की आसपासच्या सोसायट्यांकडून जाणाऱ्या निवेदनाची सुरुवात बहुधा अशी होते. मग लहान मुलं आणि ज्येष्ठ नागरिक येतात, मग दुर्गंधी, मग रात्रभराचं भुंकणं, मग रेबीज. फ्लॅटच्या भावाचा उल्लेख निवेदनात नसतो. तो सोसायटीच्या मीटिंगमध्ये होऊन गेलेला असतो. शेवटी एकच मागणी: केंद्र शहराबाहेर न्यावं. खाली सह्या, एक प्रत आयुक्तांना, एक आमदारांना. सह्या करणारी माणसं काही निर्दय नसतात. त्यांच्यातल्याच कित्येकांनी महापालिकेच्या 'सारथी' हेल्पलाइनवर फोन करून आमच्या गल्लीतली कुत्री उचलून न्या, असं सांगितलेलं असतं. कुत्री न्यायचीच, पण जिथे न्यायची ती जागा आपल्या नजरेच्या टप्प्यात नको, एवढंच त्यांचं म्हणणं.

हे म्हणणं मला मान्य नाही, आणि ते स्वार्थी आहे म्हणून नव्हे. स्वतःचं घर, स्वतःची झोप, अजून हप्ते चालू असलेला स्वतःचा फ्लॅट यांची काळजी करायचा हक्क प्रत्येकाला आहे. माझा मुद्दा असा, की हा विरोध स्वार्थाच्या हिशेबातही बसत नाही. ज्या गोष्टींच्या भीतीने आपण केंद्र हाकलतो, त्यातल्या बहुतेक गोष्टी आपण ते हाकलल्यामुळेच घडतात.

हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश दिला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला न्यायमूर्ती विक्रम नाथ यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडा, रेबीज झालेली, तशी शंका असलेली आणि आक्रमक कुत्री मात्र सोडू नका. शिवाय प्रकरणाची व्याप्ती दिल्लीपुरती न ठेवता देशभर केली. मग ७ नोव्हेंबरला तिसरा आदेश आला. शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवा, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करून निवारा केंद्रात ठेवा, आणि पुन्हा त्याच आवारात सोडू नका. या आदेशाबद्दल प्राणिमित्रांचे आक्षेप आहेत, त्यातले काही मलाही पटतात. पण आदेश आहे, आणि तो पाळायचा तर निवारा लागणार.

आता आपल्या पिंपरी-चिंचवड शहरात या आवारांची यादी करून बघा. संत तुकारामनगरचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय. वल्लभनगरचं एसटी आगार. पिंपरी, चिंचवड आणि आकुर्डी ही लोकलची स्थानकं. नेहरूनगरचं अण्णासाहेब मगर स्टेडियम. महापालिकेच्या शाळा तर प्रत्येक प्रभागात आहेत. ही सगळी ठिकाणं शहराच्या पोटात आहेत. कुत्री इथे आहेत, त्यांना इथून उचलायचं आहे, त्यांच्या चाव्यावरची लस घ्यायला रांगाही इथेच लागतात. त्यांना ठेवायची जागा मात्र 'बाहेर' हवी.

हे 'बाहेर' कुठे असतं? पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी मिळून १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि १९९७ साली आणखी अठरा गावं हद्दीत आली. मोशी, चऱ्होली, चिखली, तळवडे, डुडुळगाव, पुनावळे, रावेत ही सगळी तेव्हा 'बाहेर'ची गावं. कचरा डेपोसाठी मोशी निवडली गेली तेव्हा ती शहराबाहेर होती. आज डेपोच्या आजूबाजूला टोलेजंग इमारती आहेत, आणि तिथले रहिवासी उन्हाळ्यात खिडक्या लावून बसतात. एप्रिल २०२२ मध्ये डेपोला आग लागली तेव्हा त्या धुराचा त्रास याच लोकांनी काढला. शहराबाहेर नावाची जागा आपल्याकडे दर पंधरा-वीस वर्षांनी शहरात येते. येताना तिथे आपण टाकून ठेवलेलं सगळं सोबत घेऊन येते.

पुनावळ्याचं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. तिथे वनखात्याच्या जमिनीवर कचरा डेपोचा प्रस्ताव वर्षानुवर्षं कागदावर होता. दरम्यान भोवती सोसायट्या उभ्या राहिल्या, २०२३ मध्ये रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात उद्योगमंत्री उदय सामंत यांनी प्रकल्प रद्द झाल्याचं सांगितलं. पुनावळ्याच्या लोकांनी जे केलं ते त्यांच्या जागी कुणीही केलं असतं. झाडं वाचली ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या दिवशी शहरातला कचरा काही कमी झाला नाही. तो मोशीला जात होता, तिथेच जात राहिला. पुनावळ्याने लढाई जिंकली आणि तिचा खर्च मोशीच्या नावावर पडला. २०२५च्या मे महिन्यात प्रारूप विकास आराखडा आला, त्यात मोशीच्या बाजूला, आळंदीजवळ, कत्तलखान्याचं आरक्षण निघालं. वारकरी संतापले आणि मुख्यमंत्र्यांनी ते वगळण्याचं जाहीर केलं. तो विषय श्रद्धेचा आहे, निवारा केंद्राच्या पंक्तीला त्याला बसवायचा माझा हेतू नाही. एवढंच दाखवायचं आहे, की नकोशी वस्तू कुठे जाईल हे आपल्याकडे नकाशावर ठरत नाही. कुणाचा आवाज किती मोठा, यावर ठरतं.

निवारा केंद्राच्या बाबतीत हेच होतं. एका ठिकाणी विरोध झाला, की अधिकारी दुसरी जागा बघतात, तिथे झाला की तिसरी. शेवटी विरोध करायला कुणी नसेल अशी जागा सापडते, म्हणजे डेपोच्या, नाल्याच्या किंवा खाणीच्या कडेची. एवढ्या खटपटीने मिळालेली एकच जागा, म्हणून तिथे सगळ्या शहराची कुत्री कोंबायची. कुत्री दाटीवाटीने ठेवली की डिस्टेंपर आणि पार्व्हो झपाट्याने पसरतात. लांब असल्याने तिथे नगरसेवक फिरकत नाही, पत्रकार जात नाही, कुत्रं दत्तक घ्यायला कुटुंब जात नाही, सुट्टीच्या दिवशी मदतीला येणारी कॉलेजची मुलं दोन बस बदलून पोहोचत नाहीत. ठेकेदाराला विचारणारं कुणी उरत नाही. वर्षभरात त्या जागेला वास येऊ लागतो, कुत्री मरू लागतात, एखादा व्हिडिओ बाहेर येतो. मग पुढच्या वस्तीत केंद्राचा विषय निघाला, की तोच व्हिडिओ दाखवून लोक म्हणतात, बघा, निवारा केंद्रं अशी असतात. ती तशी का झाली, हे मात्र कुणी विचारत नाही.

अंतराचा दुसरा हिशेब नसबंदीचा आहे, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. निवारा केंद्र, नसबंदी केंद्र आणि कोंडवाडा यांची लोक एकच खिचडी करतात. नसबंदी केंद्रात कुत्रं राहायला येत नाही. गाडी त्याला जाळीने पकडून आणते, शस्त्रक्रिया होते, रेबीजची लस देतात, ओळखीसाठी कानाला खाच पाडतात, शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस ठेवून, जखम भरली की जिथून आणलं तिथेच सोडतात. २०२३ची प्राणी जन्म नियंत्रण नियमावली हेच सांगते, आणि तिच्याआधीची २००१ची नियमावलीही हेच सांगत होती. आता आकडेमोड करा. शंभर पिंजरे आहेत आणि प्रत्येक कुत्र्यामागे एक पिंजरा पाच दिवस अडतो, तर रोज वीस कुत्री आत घेता येतात. पण रोज वीस आणायची आणि वीस सोडायची तर गाड्या तेवढ्या फिरल्या पाहिजेत, आणि सोडायचं ते नेमक्या त्याच चौकात. ताथवड्यात पकडलेलं कुत्रं नाशिक फाटा, भोसरी असं सगळं शहर आडवं कापत चऱ्होलीकडच्या टोकाला न्यायचं, पाच दिवसांनी परत त्याच रस्त्याने आणायचं. हिंजवडीच्या आणि चाकणच्या रहदारीत रोज अडकणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. गाडीची एक फेरी अर्धा दिवस खाते. सकाळी लवकर कुत्री शांत आणि एका जागी सापडतात. तो सगळा वेळ रस्त्यावर जातो. मग फेऱ्या कमी होतात, पिंजरे रिकामे राहतात, आणि पकडलेलं कुत्रं परत त्याच जागी नेण्याऐवजी वाटेत कुठेतरी सोडून द्यायचा मोह गाडीवाल्याला होतो. तुमच्या सोसायटीसमोर अचानक दिसणारी अनोळखी कुत्री कुठून येतात, याचं एक उत्तर हे आहे.

कुत्रीची गर्भधारणा दोन महिन्यांची, वर्षातून दोनदा विण्याची शक्यता. एखाद्या भागातल्या सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांची नसबंदी थोड्या काळात उरकली तरच संख्या खाली येऊ लागते. रेंगाळत केलेली नसबंदी नुसती खर्चाची. जयपूरमध्ये 'हेल्प इन सफरिंग' संस्थेने १९९४ पासून हे काम सातत्याने केलं आणि तिथली कुत्र्यांची संख्या आणि रेबीज दोन्ही घटल्याच्या नोंदी आहेत. आपल्या शेजारच्या गोव्याने लसीकरणाची मोहीम गल्लोगल्ली नेली आणि २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून स्वतःला जाहीर केलं. यातलं काहीच लांबच्या एका शेडमधून झालेलं नाही. २०२४ या एका वर्षात देशात कुत्रं चावल्याच्या ३७ लाखांवर नोंदी झाल्या. ज्या आईला आपलं मूल क्लासवरून सुखरूप यावं असं वाटतं, तिला केंद्र जवळ हवं. तिच्या सोसायटीचं निवेदन मात्र ते लांब हाकलायचं असतं.

रेबीजच्या भीतीबद्दल थोडक्यात. हा रोग वाऱ्याने पसरत नाही, भिंतीवरून येत नाही. बाधित प्राणी चावला, किंवा त्याची लाळ जखमेत गेली, तर होतो. ज्या कुत्र्यांना लस टोचली आहे, जी पिंजऱ्यात आहेत आणि ज्यांच्यावर डॉक्टरांची नजर आहे, त्यांच्यापासून तुमच्या मुलाला धोका असेल, तर पानटपरीजवळच्या बिनलसीच्या कुत्र्यापासून किती असेल?

आवाजाचा आक्षेप खरा आहे. कुत्री भुंकतात, आणि पन्नास एकदम भुंकली तर झोप मोडते. पण यावर उपाय असतो, आणि कायदाही आहे. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. बंदिस्त बांधकाम, आवाज शोषणाऱ्या भिंती, कुत्री एकमेकांना दिसणार नाहीत अशी पिंजऱ्यांची मांडणी, रात्री खायला घालण्याची ठरलेली वेळ, या गोष्टी बांधकामाच्या निविदेत लिहून घेता येतात. मंगल कार्यालयाच्या डीजेविरुद्ध किंवा गणपतीतल्या भिंतीएवढ्या स्पीकरविरुद्ध हीच मर्यादा दाखवायला आपण किती जण जातो, हा प्रश्न इथे विचारला तर गल्ली चुकेल, म्हणून सोडून देतो.

वासाचंही तेच. वास कुत्र्याला नसतो, न धुतलेल्या पिंजऱ्याला असतो. रोजची धुलाई, मैलापाण्याची स्वतंत्र जोडणी, शस्त्रक्रियेचा जैविक कचरा रोज उचलला जाणं हे झालं नाही, तर वास येणारच. पण हे होतंय की नाही हे बघणारे डोळे जवळपास असावे लागतात. २०२३च्या नियमावलीत स्थानिक देखरेख समितीची तरतूद आहे. प्राणी कल्याण मंडळाची मान्यता नसलेल्या संस्थेला हे काम देता येत नाही. इतकंच काय, किती शस्त्रक्रिया झाल्या हे पडताळायला काढलेले अवयव मोजायचीही सोय त्यात आहे, म्हणजे बिल फुगवायला जागा राहू नये. नियम बरे आहेत. ते पाळले जातात की नाही हे बघायला शेजार लागतो, आणि त्याच शेजाराने आधीच विरोधात सही केलेली असते.

राहिला फ्लॅटचा भाव. केंद्रामुळे भाव पडतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा संध्याकाळी घर बघायला आलेल्या कुटुंबाबरोबर गेटपासून लिफ्टपर्यंत चालून बघावं. पार्किंगमध्ये टोळक्याने बसलेली, अंगावर येणारी कुत्री बघून ते कुटुंब काय म्हणतं ते ऐकावं. चार चौक पलीकडे बंद भिंतीआड असलेलं केंद्र त्यांच्या डोक्यातही नसतं.

आपल्याकडे ही वस्तू नवी नाही, हे तर आपण पार विसरलो आहोत. गावोगावी कोंडवाडा असायचा. मोकाट जनावर पकडून आणायचं, मालकाने दंड भरून सोडवून न्यायचं. तो गावाच्या शिवेवर नव्हे, वस्तीजवळ असायचा, कारण जनावर तिथेच सापडायचं आणि मालकही तिथेच राहायचा. मुंबईत सरकारच्या भटकी कुत्री मारायच्या हुकमाविरुद्ध जून १८३२ मध्ये पारशांनी दंगा केला, शहर ठप्प झालं. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढली. आज ती मुंबईतल्या अतिशय दाट वस्तीत आहे. तिच्याभोवती हिऱ्यामोत्यांचे आणि कापडाचे धंदे चालतात, देवळं आहेत, माणसं पिढ्यान्पिढ्या राहतात. आपल्या भोसरीतही नाशिक रस्त्यावर पांजरपोळ आहे, तिच्या नावाचा बसस्टॉप आहे, शिफ्टला जाणारे हजारो कामगार रोज तिच्यावरून जातात. तिच्यामुळे भोसरीत कारखाना आला नाही किंवा घर विकलं गेलं नाही, असं मी तरी ऐकलेलं नाही.

ताजं उदाहरण हवं असेल तर टाटांचं घ्या. पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोची भाकरी खाल्लेली किमान दोन पिढ्यांची घरं आहेत, त्यांना हे नाव परकं नाही. टाटा ट्रस्ट्सच्या प्राणी रुग्णालयासाठी आधी नवी मुंबईत कळंबोलीच्या जागेचा विचार होता. जखमी जनावर घेऊन माणसाने एवढ्या लांब कसं यायचं, म्हणून तो बदलला, आणि २०२४ मध्ये रुग्णालय महालक्ष्मीला, मुंबईच्या मधोमध सुरू झालं. याच समूहाच्या मुख्यालयात, बॉम्बे हाऊसमध्ये, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी स्वतंत्र खोली आहे. देशातल्या सगळ्यात मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठेला जे खटकलं नाही, ते आपल्या सोसायटीच्या प्रवेशद्वाराला खटकतं.

एक आक्षेप मात्र मी खोडणार नाही. तो मोशी, चऱ्होली, डुडुळगावच्या लोकांचा आहे: दरवेळी आम्हीच का? कचरा आमच्याकडे, कचऱ्यापासून वीज करायचा प्रकल्प आमच्याकडे, शहराला जे जे नको ते आमच्याकडे. हा आक्षेप शंभर टक्के न्याय्य आहे. त्याला 'विकासाला सहकार्य करा' असलं उत्तर देणं हा निर्लज्जपणा ठरेल. पण याच आक्षेपाचा अर्थ नीट लावला, तर तो वाकड, पिंपळे सौदागर, रावेत आणि निगडीच्या विरोधाला उभा चिरतो. मोशीने आता आणखी काही घ्यायचं नसेल, तर उरलेल्या शहराने आपापलं घ्यावं लागेल, दुसरा रस्ता नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की एक मोठं केंद्र हा विचारच सोडा. महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालयं आहेत: अ, ब, क, ड, इ, फ, ग आणि ह. कर आपण तिथे भरतो, जन्म-मृत्यूचे दाखले तिथे मागतो, पाण्याच्या तक्रारी तिथे नेतो. कुत्र्यांचंही तिथेच व्हावं. प्रत्येक क्षेत्रात एक लहान केंद्र, पिंजऱ्यांची कमाल संख्या ठरलेली, त्या क्षेत्रातलीच कुत्री तिथे. गाडीची फेरी लहान होईल. रोगाची साथ आली तर एका केंद्रापुरती राहील. आणि 'आम्हीच का' हा प्रश्न कुणालाच विचारता येणार नाही, कारण सगळेच असतील. नेहरूनगरला महापालिकेचं केंद्र वस्तीला लागूनच आहे. त्यात सुधारणेला भरपूर जागा आहे, पण त्याच्यामुळे नेहरूनगर ओस पडलेलं नाही.

जागा कुठून आणायच्या, असं विचारलं जाईल. या शहराला एक सोय आहे जी पुण्याला नाही. आपली एमआयडीसी शहराच्या कडेला नाही, मधोमध आहे. भोसरी आणि चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात रात्री वॉचमन सोडून फारसं कुणी झोपत नाही. तिथे आवाजाची रात्रीची मर्यादा ७० डेसिबल आहे, प्रेस मशिनच्या धडधडीत पन्नास कुत्र्यांचं भुंकणं कुणाच्या लक्षातही येणार नाही. रस्ते आहेत, बस आहेत, पाणी आणि गटार आहे. आठातली तीन-चार केंद्रं तिथल्या सुविधा भूखंडांवर सहज बसतील. सगळी आठही तिकडेच ढकलायची नाहीत, एवढं पथ्य पाळलं म्हणजे झालं. नाहीतर मोशीच्या जागी भोसरी आली, एवढाच फरक.

एमआयडीसीवरून चाकणकडे वळावंच लागतं. चाकणला २०१५ साली नगरपरिषद आली, पण भोवतीची नाणेकरवाडी, खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी ही गावं ग्रामपंचायतींच्या हवाली. तिथे मोटारी बनतात, इंजिनं बनतात, परप्रांतातून आलेले हजारो कामगार भाड्याच्या खोल्यांतून राहतात. तीन पाळ्यांमुळे टपऱ्या आणि वडापावच्या गाड्या रात्रभर चालू, कॅन्टीनचं उरलेलं, चिकन सेंटरचं फेकलेलं, मंगल कार्यालयांच्या मागे पडलेलं अन्न रस्त्याच्या कडेला. कुत्री वाढणार नाहीत तर काय होणार? पहाटे पाळी सुटल्यावर सायकलवरून किंवा पायी खोलीवर जाणाऱ्या माणसाला या कुत्र्यांतून वाट काढावी लागते. तो निवेदन देत नाही, त्याची सोसायटी नाही, त्याचं मतदार यादीत नावही गावाकडे असतं. एका ग्रामपंचायतीला कुत्र्यांची गाडी परवडत नाही, हे खरं आहे. पण शेजारच्या कारखान्यांना परवडते. कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात सामाजिक दायित्वाच्या खर्चात प्राणी कल्याण नावानिशी दिलेलं आहे. शाळेला बेंच आणि वृक्षारोपणाचा फलक यांतून थोडा पैसा वळवून चाकण पट्ट्यात चार-पाच गावांमिळून एक केंद्र उभं करणं कारखान्यांच्या संघटनेला अजिबात जड नाही. एमआयडीसीने भूखंड द्यावा. पिंपरी-चिंचवडचं केंद्र 'बाहेर' म्हणून चाकणच्या गळ्यात मारायचा डाव उद्या कुणी टाकला, तर तो तिथेच मोडून काढता यावा, यासाठीही चाकणचं स्वतःचं असलेलं बरं.

राहता राहिला विरोधाचा हक्क. तो सोडा, असं मी म्हणत नाही. तो नीट वापरा म्हणतो. हरकत घ्यायची तर पिंजऱ्यांच्या संख्येवर घ्या. ध्वनीची मोजणी दर महिन्याला करून फलकावर लावा, अशी घ्या. देखरेख समितीत जवळच्या दोन सोसायट्यांचे प्रतिनिधी निमंत्रित हवेत, रविवारी केंद्र सगळ्यांना उघडं हवं, जखमी प्राण्यासाठी रात्रीचा डॉक्टर हवा, ठेकेदाराने अट मोडली तर ठेका रद्द व्हावा, अशी घ्या. अशा हरकती आल्या तर प्रशासनाची पंचाईत होईल, कारण त्यांना उत्तर द्यावं लागेल. 'शहराबाहेर न्या' ही हरकत प्रशासनाच्या सोयीची असते. ती मान्य केली की काम टळतं.

मी निगडी प्राधिकरणात राहतो. १९७२ साली स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने आखलेला हा भाग: रुंद रस्ते, उद्यानं, बंगल्यांच्या रांगा, वाचनालयं, व्याख्यानमाला. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतल्याची गोष्ट इथल्या कीर्तनांत निघाली, की पुढच्या रांगेतले डोळे टिपतात. 'अ' क्षेत्रीय कार्यालय इथेच आहे. आठातलं पहिलं केंद्र इथे करावं. वर लिहिलेल्या सगळ्या अटी घालून मी त्याला लेखी पाठिंबा देणार आहे. माझ्या शेजाऱ्यांपैकी अनेकांना हे रुचणार नाही, आणि सुनावणीत ते विरोधात बोलतील, हेही मला माहीत आहे. त्यांनी जरूर बोलावं. फक्त 'शहराबाहेर' असं मोघम न लिहिता केंद्र कोणत्या गावात न्यायचं ते नाव घालून लिहावं, आणि त्याची एक प्रत त्या गावाच्या सरपंचाला किंवा नगरसेवकाला पाठवावी.